रुईचा चीक

फार फार पूर्वी, शेळ्या अजून कुणाच्या दावणीला बांधलेल्या नव्हत्या, तेव्हा माळावरच्या रुईची पानं गोड होती. ढवळी शेळी रोज यायची आणि रुईला पार बुडख्यापर्यंत ओरबाडून खायची.

"अगं, निदान शेंडा तरी ठेव!" रुई कळवळायची.

"पाल्याला कसलं आलंय दुखणं?" म्हणत ढवळी चघळत राहायची.

रुईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण पळायला पाय नव्हते, मारायला शिंगं नव्हती. तो सगळा संताप तिने मुळाशी साठवला. तिच्या लेकीची पानं तुरट निघाली, नातीची कडू निघाली, आणि पणतीच्या देठातून पांढरा जहाल चीक ठिबकू लागला.

ढवळीच्या पणतीने सवयीने घास घेतला. तिचं तोंड भाजलं, पोटात कळा उठल्या.

"मेले, विषारी कुठली!" ती किंचाळली. "तुझी पणजी किती गुणी होती!"

"गुणी होती ना? मग तिचं नाव सांग बघू!" रुई कडाडली.

शेळीला सांगता येईना. ढवळीच्या घराण्याने त्या पणजीला कधी पाल्याखेरीज दुसरं काही म्हटलंच नव्हतं.

आज शेळी करडाला घेऊन माळावर येते, तेव्हा गवताचं नाव सांगत बसत नाही. रुईचं मात्र सगळ्यात आधी शिकवते.