खापरांची टोपली

एका उतारावरच्या गावात एक कुंभार होता आणि त्याचा धंदा झकास चालला होता. कारण मात्र सांगण्यासारखं नव्हतं. नदीच्या वळणावर गाडीवान बेफाम गाड्या हाणायचे, पाण्याला गेलेल्या बायका घाबरून बाजूला उड्या मारायच्या आणि डोक्यावरच्या घागरी फुटायच्या. फुटली घागर की बाई कुंभाराच्या दारात.

कुंभाराला हे चांगलं ठाऊक होतं. पण आपणहून कोण बोलतंय!

एके दिवशी शेजारची सून घागर घ्यायला आली. उजवा हात गळ्यात बांधलेला.

"हात कशानं मोडला गं?"

"गाडी अंगावर आली, मामा. घागरीबरोबर मीही पडले. आता हात जुळेपर्यंत सासूबाई जाणार पाण्याला. सत्तरीच्या आहेत."

"पाटलांना सांगितलं का?"

"चौघी जणी एकेकट्या जाऊन आल्या. म्हणतात, गप्पा मारत चालता, मग पडणारच."

त्या दुपारी कुंभाराला भाकरी गोड लागेना. बोलावं तर घागरी फुटायच्या थांबणार. मग खायचं काय, माती? गप्प बसावं तर उद्या म्हातारी त्या वळणावर.

शेवटी चडफडत उठला, टोपली घेतली आणि वळणाच्या चरातली खापरं वेचून आणली. मग बायकांना हाका मारल्या. "एकेकटीनं जाऊन काही व्हायचं नाही. सगळ्या चला. आणि रडत बसू नका, काय पाहिजे ते सांगा."

चावडीवर त्यानं टोपली पाटलांपुढे ओतली.

"ही सगळी एकाच वळणावरची. माझ्या हातची आहेत, मी ओळखतो."

पाटील हसले. "अरे येड्या, मग तुझं तर बरंच चाललंय की! तक्रार कसली?"

"तेच म्हणतो, पाटील. माझ्याच पोटावर पाय येतोय, तरी सांगतोय. मग खोटं कशाला सांगेन?"

पाटलांचं हसू थांबलं. "काय पाहिजे तुम्हाला?"

सून पुढे झाली. "वळणावर गाडीवानानं खाली उतरून बैल धरून न्यावेत. आणि कडेला दगडांची रांग हवी, तिच्या आतून आम्ही चालू."

"दगड कोण लावणार?"

"आम्ही लावतो. हुकूम तुम्ही काढा."

दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली. आठवड्यात दगड लागले.

घागरींचा खप बसला. कुंभारीण म्हणाली, "घ्या! आता बसा हात चोळत!" हात चोळायला वेळ कुणाला होता? कुंभार कौलं थापायला लागला. मिळकत थोडी घटली, पण भाकरी गोड लागू लागली.

संध्याकाळी तो वळणावर जाऊन बसायचा. एक गाडीवान उतरता उतरता करवादला, "तुझ्यापायी रोज उतरावं लागतं, म्हाताऱ्या!"

"उतर की! पाय कशाला दिलेत देवानं?"

तेवढ्यात दगडांच्या आतून ती सत्तरीची सासू आली. भरली घागर डोक्यावर, सुनेशी कडाकडा भांडत, एकदाही मागे वळून न बघता ती घरी निघून गेली.

तात्पर्य काय, तर वाट नीट करून हवी असेल तर घरात कुरकुरू नका, सगळे मिळून पुरावा घेऊन जा. आणि ज्याला खरं ठाऊक आहे, त्यानं आपला फायदा बघून गप्प बसू नये.