घाटावरचं फाटक

फार फार पूर्वी, धुकं दुपारपर्यंत पाण्यावर झोपून राही अशा एका तळ्याकाठी पाच गावं होती. पाचांचा आपसात करार होता. कुणाचीही होडी कुणाच्याही घाटाला लागावी, तिला कुणी अडवू नये. नियम ठरवायला वर्षातून एकदा पाचांची पंचायत बसे.

त्यातल्या एका गावात तानूआक्का नावाची रंगारीण राहायची. तिचं निळं लुगडं पाहिलं की वाटे, तळंच कुणी घडी घालून ठेवलंय. नीळ मात्र पलीकडच्या काठची. तिथला म्हातारा रावजी सकाळी निळीचा पाला कापी, आणि दुपारच्या आत तो आक्काच्या हौदात भिजत पडे.

एका वर्षी पंचायतीनं ठरवलं, रंगवलेली कापडं घाटावर धुवायची नाहीत, खालच्या ओढ्यावर न्यायची. आक्का भडकली. "माझ्या घाटावर मी काय करायचं, हे पलीकडच्यांनी सांगायचं?"

गावचे पाटीलही म्हणाले, "करारातून बाहेर पडू. घाटाला फाटक लावू. आपल्यावाचून त्यांचं चालतंय थोडंच!"

सभेत पहिला हात आक्काचा वर गेला.

फाटक लागलं. आक्कानं मनसोक्त कापडं धुतली. पायरीपायरीनं पाणी निळं होत गेलं, आणि तिला वाटलं, आता तळं आपलं झालं.

पण आठवड्याभरात पलीकडच्या चारही गावांनी फाटकं लावली. इकडची होडी तिकडे तपासायची, तिकडची इकडे. धुक्यात होड्या रांगेनं उभ्या राहत, स्वप्नात अडकल्यासारख्या. मासे वाटेतच नासत. माहेरवाशिणींचं येणं कमी झालं. रावजीचा पाला तिसऱ्या दिवशी पोचला, तो कुजून काळा पडलेला. पुढे तोही येईनासा झाला. हौदातलं पाणी नुसतं पाणीच राहिलं.

शेवटी आक्का स्वतः निघाली. फाटकाशी दिवसभर खोळंबून रावजीच्या अंगणात पोचली.

"रावजीबाबा, पाला का थांबवलात?"

"कुजवायला धाडू होय, बाय? आमच्या काठच्या वरच्या गावच्या बायका रंगवायला शिकल्यात. आता त्यांनाच देतो."

आक्का खाली बघत म्हणाली, "सभेत पहिला हात माझाच होता, बाबा."

 म्हातारा म्हणाला, "फाटक काढा आधी. त्यांचं भागून उरेल तेवढा पाला तुझा."

आक्कानं परत येऊन भरसभेत आपली चूक सांगितली. पाटलांनी मान खाली घातली. फाटक निघालं. चार गावांनी आक्काच्या गावाला पुन्हा करारात घेतलं, पण ओढ्याचा नियम तसाच राहिला आणि मधल्या काळात तुटलेली तिची गिऱ्हाइकं परतली नाहीत.

आक्का मुकाट्यानं कापडं ओढ्यावर नेऊ लागली. थोडक्या निळीतली तिची लुगडी आता फिकी निघत, उन्हं येण्याआधीच्या आभाळासारखी. नवी माणसं म्हणत, "काय सुंदर रंग!"

ती म्हणे, "पूर्वीचा बघायला हवा होतात."

तात्पर्य : दुसऱ्याला अडवायला लावलेलं फाटक आपलीही वाट अडवतं.