अडलेला आवाज

"जीभ कुठं लागते, आजी? टाळूला, की दातांच्या मागं?"

बुदाई सुपात कुटकीचे दाणे पाखडत राहिली.

हेमंत टेंभेकर नागपूरहून सातपुड्यातल्या या पाड्यावर यायला लागला, त्याला तिसरं वर्ष. बुदाईच्या बोलीला अक्षर नव्हतं. त्यानं एकेक आवाज कानानं टिपला, एकेकाला चिन्ह दिलं. अशी सत्तेचाळीस चिन्हं झाली. शब्द थोडेफार कळायचे. बोलायला मात्र तो कधी शिकला नाही. त्याचं काम आवाजांचं.

ती बोली बोलणाऱ्या दोघीच उरल्या होत्या, बुदाई आणि तिची धाकटी बहीण सुकमी. सुकमी श्रावणात गेली.

"एवढा एकच आवाज अडलाय. मग सगळं वहीत आलं म्हणून समजा. तुमची बोली आता मरत नाही, आजी!"

सूप थांबलं नाही.

"धाकट्या बहिणीला हाक मारता ना... तो शब्द म्हणा."

बुदाईनं म्हटला.

हेमंतनं म्हणून दाखवला. तिनं मान हलवली. पुन्हा म्हटला. पुन्हा मान हलली. सातव्या खेपेला त्याला उमगलं, हा आवाज श्वास सोडताना निघत नाही, घेताना निघतो.

त्यानं श्वास आत ओढला. हाक जशीच्या तशी उमटली.

बुदाईनं सूप खाली ठेवलं...

आणि ती बोलू लागली. आपल्या बोलीत, भरभर. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला, मध्येच हसली, डोळे पुसले. शेवटी आवाज वर चढवून काहीतरी विचारलं, आणि त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

हेमंतची मान वहीतच होती. दोन पानं भरली. एकही आवाज सुटला नव्हता.

"पाहा, सगळं उतरलं!"

"वाच," बुदाई म्हणाली.

त्यानं वाचलं. कुठंही न अडखळता, तिच्याच चढउतारांनी. शेवटचा प्रश्नसुद्धा तिच्यासारखाच वर चढला, आणि अंगणात तसाच राहिला.

बुदाई अजून त्याच्या तोंडाकडंच बघत होती...

हेमंतनं पानाकडं पाहिलं. आवाज सगळे ओळखीचे होते. त्यांतून ती काय म्हणाली, ते मात्र त्याला कळेना. पेन हातातच राहिलं.

"आजी... काय विचारलंत तुम्ही?"

बुदाईनं सूप पुन्हा उचललं.

"म्या तुले इचारलं, बाबू... आन् तू बी मलेच इचारून राह्यला."