गवताचं चाक

घाटमाथ्यावरच्या एका गावात एक जीप होती. माणसाआधी जीप सांगितली, कारण तिच्या मालकाला सारं गाव तिच्यावरूनच ओळखायचं. मालकाचं नाव शिरपती वाघमोडे. तो वडाप करायचा, म्हणजे घाटाखालच्या बाजारपेठेत माणसं न्यायचा आणि परत आणायचा. पण लोक त्याला मानायचे ते वेगळ्याच कारणासाठी. रस्त्यात बंद पडलेली कुठलीही गाडी शिरपती चालू करून द्यायचा, आणि तीही हाताला लागेल त्या वस्तूने.

कुणाच्या मोटारसायकलची टाकी ठिबकायला लागली, की हा अंगाचा साबण ओला करून चिरेत दाबायचा. कुणाच्या मोटारीचा फॅनबेल्ट तुटला, की आत बसलेल्या बाईची ओढणी मागून घ्यायचा, तिला पीळ द्यायचा आणि बेल्टच्या जागी चढवायचा. एकदा नवरदेवाच्या गाडीचा फ्यूज गेला. शिरपतीने सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद काढून तिथे बसवला आणि नवरदेव मुहूर्ताला मांडवात उभा राहिला. काम झालं की हात पुसत तो एवढंच म्हणायचा, "चालंल." त्याबद्दल त्याने कधी कुणाकडून काही घेतलं नाही. माणूस चांगला होता, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून त्याचा राग येईल.

खोड त्याला एकच होती. दुसऱ्याची गाडी चालू करून दिली की तो न चुकता बजावायचा, हे गॅरेजपर्यंतच टिकेल, तिथे पोचल्यावर आधी नीट करून घ्या. स्वतःच्या जीपला मात्र हा नियम त्याने कधी लावला नाही. तिच्यावर जे एकदा तात्पुरतं बसलं ते कायमचं बसलं. सायलेन्सर तारेने बांधला होता, तो तसाच. पाण्याच्या पाइपला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली होती, ती तशीच. मागच्या बाकाचा पाय मोडला तेव्हा त्याखाली जॅक उभा केला होता, तो बिचारा अजून बाकच उचलून धरत होता. हवा भरायच्या पंपाची नळी कापून त्याने डिझेलच्या पाइपला जोडली होती, त्यामुळे पंप नुसता शोभेला उरला होता. अडचणीच्या वेळेसाठी ठेवलेलं सगळं सामान असं जीपच्याच अंगावर चढलं होतं. बायको म्हणायची, एकदा गॅरेजात नेऊन सगळं धड करून घ्या. शिरपती हसायचा आणि किल्ली फिरवायचा. जीप चालू व्हायची, मग बोलणंच खुंटायचं.

यात सगळ्यांत वाईट गोष्ट होती ती स्टेपनीची. उन्हाळ्यात त्याचं एक चाक फुटलं. त्याने स्टेपनी काढून लावली आणि फुटकं चाक तिच्या जागी मागे टांगलं. पुढच्या बाजाराला नीट करू म्हणाला. बाजारामागून बाजार गेले, पाऊस सुरू झाला, रानं हिरवी झाली. चाक तिथेच लटकत राहिलं. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, जीपला स्टेपनी आहे.

त्याच गावात आक्काताई भोई नावाची बाई होती. गावच्या तळ्यात मासे सोडायचे, धरायचे आणि विकायचे, हा तिच्या माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा धंदा. मधली काही वर्षं तळं बाहेरच्या ठेकेदाराकडे गेलं आणि भोयांच्या घरातली जाळी आढ्याला टांगली गेली. आक्काताईने बायकांचा गट केला, पंचायतीचे उंबरे झिजवले आणि यंदा तळं गटाच्या नावावर करून घेतलं. पंचायतीने एकच अट घातली. या पावसाळ्यात तळ्यात मासे सोडले पाहिजेत, नाहीतर तळं पुन्हा ठेकेदाराचं. ठेकेदाराचा माणूस अधूनमधून तळ्यावर येऊन बांधावरून चक्कर मारून जायचा.

घाटाखाली धरणाजवळ मत्स्यबीज केंद्र होतं. तिथून बोटुकली आणायची होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. ती पाण्याच्या पिशव्यांत घालून, वर प्राणवायू भरून, तोंड घट्ट बांधून देतात. पिशवीतली हवा आहे तोवर पिल्लं जगतात. म्हणून गाडी न थांबता तळ्यावर पोचायला हवी. आक्काताईने फार विचार केला नाही. वाटेत काहीही झालं तरी जो गाडी चालू करतो, त्याचीच गाडी घ्यायची, असं तिने ठरवलं.

निघायच्या सकाळी तिने जीपभोवती एक फेरी मारली. मागे टांगलेल्या चाकावर हात ठेवून विचारलं, "दादा, स्टेपनी धड हाय न्हवं?"

शिरपतीने त्या चाकावर एक थाप मारली. "आवो आक्का, गाडी कुणाची हाय?"

आक्काताई समाधानाने बसली. आपण होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही, अशी शिरपतीने स्वतःची समजूत घातली. अशी समजूत फार स्वस्तात पटते.

जाताना काही झालं नाही. केंद्रावर पिशव्या जीपमध्ये रचल्या, वर ओली पोती घातली आणि दोघं परतीला लागले. पोत्याची कड उचलून आक्काताई सारखी आत बघत होती. पिशवीत चांदीच्या काड्या पळाव्यात तशी पिल्लं पळत होती. ती एवढी खूश होती, की शिरपतीला तिने पहिल्यांदाच तळ्याच्या जुन्या गोष्टी सांगितल्या.

निम्मा घाट चढून झाला आणि मागचं चाक बसलं. फट्‌ आवाज झाला आणि जीप एका अंगाला कलली. शिरपती सवयीने हसत उतरला. सवयीने त्याने सीटखालची पिशवी ओढली आणि उघडली. पिशवीत एक पाना होता, टायर उचकटायची एक टॉमी होती, आणि पंक्चर काढायच्या सोल्युशनची ट्यूब होती, तीही झाकण उघडं राहून वाळलेली. बाकी पिशवी रिकामी होती. तार सायलेन्सरला होती, पट्टी पाइपला होती, पंपाची नळी डिझेलला होती. शिरपती त्या पिशवीत हात घालून तसाच उभा राहिला.

घाटात फोनला रेंज नव्हती. दुपारी या रस्त्याला एसटी नसते. चाक घेऊन खाली उतरायचं आणि दुरुस्त करून आणायचं, तर दिवस मावळला असता. तेवढ्यात खालून एक मोटारसायकल आली. तिच्यावर एक जोडपं होतं. शिरपतीने हात वर केला. गडी ओळखीचा निघाला, गेल्या वर्षी याच वळणावर शिरपतीने त्याची गाडी चालू करून दिली होती. त्याने थांबायच्या ऐवजी हॉर्न वाजवला आणि हसून ओरडला, "दादा, तुमचं काय, तुमी काढशीला कायतरी!" आणि तो वळणाआड गेला. मदत मागायला वर केलेला हात लोकांना रामराम वाटतो, एवढं नाव शिरपतीने कमावलं होतं. त्या नावाचा त्याला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

आक्काताई खाली उतरली होती. तिने कललेलं चाक बघितलं, मागे टांगलेलं बघितलं, आणि मग शिरपतीकडे बघितलं.

"ते मागं टांगल्यालं चाक का लावत न्हाई तुमी?"

शिरपतीला सांगता आलं असतं की पाना बसत नाही, नट गंजले आहेत, जॅक मोडला आहे. गाडीतलं काही न कळणाऱ्या माणसाला काहीही सांगता येतं. त्याच्या ओठांवर आलंही होतं. पण पिशव्यांतली पिल्लं वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागली होती, आणि ते दोघांनाही दिसत होतं.

"ते फुटकंच हाय, आक्का."

"सकाळी इचारलं तवा?"

"तवा बी फुटकंच हुतं."

आक्काताईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने पुसून टाकलं. मग म्हणाली, "राग मी मागनं करीन. आधी मासं तळ्यात जाऊ द्यात."

हे बोलणं शिरपतीच्या काळजाला लागलं. ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. त्याने अंगातला सदरा काढून बॉनेटवर टाकला आणि कामाला लागला. बाकाखालचा जॅक ओढला, तसं बाक कोसळलं. पिशव्या खाली उतरवून दोघांनी त्या करवंदीच्या जाळीच्या सावलीत ठेवल्या. कडेच्या झऱ्याचं पाणी आणून आक्काताईने पोती पुन्हा ओली केली. शिरपतीने चाक काढलं, टॉमी घालून टायरची कड उचकटली आणि आतली फाटकी ट्यूब ओढून फेकून दिली. टायर रिकामा झाला. आता त्यात भरायला काहीतरी हवं होतं, आणि डोंगरावर गवताशिवाय काही नव्हतं.

गवत कमरेएवढं वाढलेलं होतं. दोघं ते मुठीमुठीने उपटू लागली. शिरपती त्याचे जाड दोर वळायचा आणि टायरमध्ये पायाने, टॉमीने, पान्याच्या दांड्याने ठासायचा. हिरवं गवत दाबलं की आळतं. भरलं असं वाटायचं आणि अंगठ्याने दाबलं की पुन्हा जागा दिसायची. मग पुन्हा गवत. त्याची बोटं कापली, नखांत रक्त साकळलं. आक्काताईच्या तळव्यांना फोड आले. कुणी थांबलं नाही. टायर दगडासारखा घट्ट लागला तेव्हाच शिरपतीने कड बसवली, चाक चढवलं आणि नट आवळले.

मग जीप निघाली, पण धावली नाही. पहिल्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीने ती घाट चढू लागली. जोर केला तर टायर रिममधून सुटला असता, थांबलं तर पिल्लं गेली असती. बाक मोडल्यामुळे आक्काताई मागे पिशव्यांमध्येच खाली बसली होती आणि धक्का बसला की दोन्ही हातांनी त्या सावरत होती. प्रत्येक वळणावर शिरपती उतरायचा, बाहेर आलेलं गवत आत कोंबायचा आणि पुन्हा बसायचा. एका वळणावर आक्काताई बारीक आवाजात म्हणाली, की कडेची पिशवी शांत झाली. शिरपतीने दात आवळले आणि समोर बघून गाडी हाकत राहिला.

तळ्यावर पोचले तेव्हा उन्हं कलली होती. गटाच्या बायका सकाळपासून बांधावर बसल्या होत्या, गावही जमलं होतं. हातोहात पिशव्या उतरल्या. पिशवीतलं आणि तळ्यातलं पाणी सारखंच गार व्हावं म्हणून त्या आधी तशाच तळ्यात तरंगत ठेवल्या आणि मग एकेक तोंड सोडलं. बऱ्याच पिशव्यांतली पिल्लं सळसळत तळ्यात गेली. पण काही पिशव्यांतून बाहेर आली ती नुसती पांढरी पोटं. वाऱ्याने ती हळूहळू काठाला लागली.

तिकडे गावाचं लक्षच नव्हतं. गाव जीपभोवती गोळा झालं होतं. टायरच्या कडेने गवताच्या काड्या बाहेर लोंबत होत्या. पोरं त्यांना हात लावून बघत होती. कुणी फोनवर फोटो काढला. गवताचं चाक लावून घाट चढला, असला गडी पंचक्रोशीत नाही, असं जो तो म्हणायला लागला. एकाने तर चौकात सत्कार करायची भाषा काढली.

शिरपतीची छाती क्षणभर फुगली. सवयच होती ती. मग त्याची नजर काठाकडे गेली. आक्काताई गुडघाभर पाण्यात उभी राहून मेलेली पिल्लं ओंजळीने बाजूला काढत होती. तिने गावाला काहीही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती, हे त्याला कळलं. म्हणजे तो गप्प बसला असता, तर ही शाबासकी जन्मभर त्याचीच राहिली असती.

"फोटू काढू नका," शिरपती म्हणाला. लोक हसले, त्यांना ती नम्रता वाटली. तेव्हा त्याने आवाज चढवला. "माझी स्टेपनी उन्हाळ्यापास्नं फुटकी हाय. आक्कानं सकाळी इचारलं, तर मी थाप मारून गप केलं तिला. ती धड असती, तर ह्ये गवत भरायची पाळीच आली नसती. ती मेलेली पिल्लं माझ्यामुळं मेली."

एक म्हातारा समजुतीने म्हणाला, जाऊ दे रे, होतं असं. शिरपतीने नकाराची मान हलवली. होतं असं म्हणत म्हणतच सगळं झालं होतं. तो पाण्यात उतरला आणि आक्काताईशेजारी उभा राहून पिल्लं वेचू लागला. वेचून झाल्यावर आक्काताईने त्याला सांगितलं, की केंद्रावरून हंगामातली अजून एक खेप निघणार आहे. मेलेल्यांची भरपाई करायची असेल तर तेवढीच संधी आहे. ती खेप मी आणून देईन, त्याचा भार माझा, पण आधी जीप धड करतो, मगच तुम्हाला बसवतो, असं शिरपती म्हणाला. आक्काताईने, "बघू," एवढंच उत्तर दिलं. तिचा राग अजून बाकी होता, आणि तो खरा होता.

पुढचे काही दिवस जीप घरासमोर दगडांवर उभी होती. शिरपती एकेक तार सोडत होता, एकेक पट्टी उकलत होता, आणि त्या जागी जे हवं ते आणून बसवत होता. जे स्वतःला जमेना, त्यासाठी त्याने गॅरेजवाल्यापुढे जाऊन उभं राहायला कमीपणा मानला नाही. येणारेजाणारे टोमणे मारायचे. शिरपतीचा हात गेला, आता तोही गॅरेजला जातो, असं म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा आणि पाना फिरवत राहायचा.

मग तो आणि आक्काताई दुसरी खेप आणायला गेले. आक्काताईने सगळी चाकं स्वतः दाबून बघितली आणि मगच ती बसली. ते गेले आणि भर दुपारी परत आले. सगळी पिल्लं जिवंत तळ्यात गेली. यंदा तळं गटाकडेच राहिलं. गवताच्या चाकाची गोष्ट त्या भागात अजून रंगवून सांगतात. या दुसऱ्या फेरीची गोष्ट कुणी सांगत नाही, कारण वाटेत सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

तात्पर्य: अडचणीपुरती केलेली डागडुजी ठिकाणावर पोचण्यासाठी असते, तिच्यावर रोजचे दिवस काढू नयेत, आणि आपल्याच हलगर्जीपणाने ओढवलेल्या संकटातून आपण शर्थीने बाहेर पडलो, तर त्याची शाबासकी घेऊ नये, चूक कबूल करून भरपाई करावी.