कुलपाला म्हटलेलं गाणं

गोदाकाठच्या एका गावात शांतवन नावाचा फरशी बसवणारा तरुण राहत होता. हाताचा मोठा सरळ. त्यानं बसवलेल्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं, तर ते न चुकता मोरीकडेच जायचं. मनाचा उतार मात्र सगळा शेजाऱ्यांच्या घरांकडे. कोणाच्या दारात काय आलं, कोण काय म्हणालं, यातच त्याचा अर्धा जीव अडकलेला असायचा.

घरात त्याची बायको रिबेका आणि चार वर्षांची लेक अनू. आईवडिलांपासून वेगळं बिऱ्हाड करून त्यांना सहाच महिने झाले होते. म्हणजे स्वतःच्या घरातला हा त्यांचा पहिला नाताळ.

त्या गावातल्या ख्रिस्ती मंडळींची एक जुनी रीत होती. नाताळच्या आदल्या दिवशी, दुपार कलली की गाणारी मंडळी ढोलकी नि टाळ घेऊन निघायची आणि घरोघर जायची. दारात गाणं म्हणायचं. मग त्या घरात जो सगळ्यात लहान असेल त्यानं एक कडवं म्हणून दाखवायचं. मग घरच्यांनी मंडळींच्या हातावर काहीतरी ठेवायचं. पूर्वी हे काहीतरी म्हणजे फुटाणे आणि गुळाचा खडा. पुढे करंज्या, शंकरपाळ्या आल्या. आणि एका वर्षी बेंजामिनगुरुजींच्या मुलानं पुण्याहून तीन मजली केक आणला, तेव्हापासून तर गावाचं डोकंच फिरलं. ज्याच्या चुलीवर एरवी भाकरीशिवाय काही चढत नाही, तोही नाताळात केकचा डबा मिरवू लागला.

शांतवनचं काम दिवाळीनंतर थंडावलं होतं. दोन आठवडे आधीच त्यानं विषय काढला.

"मंडळींना द्यायचं काय गं?"

"गवती चहा," रिबेका म्हणाली. "मोरीमागे एवढा माजलाय. आलं ठेचून घालीन, गूळ घालीन. बरोबर उकडलेल्या शेंगा. आपल्याला दर वर्षी झेपेल असं करू या."

"शेंगा? अगं, लोक तोंडात शेण घालतील!"

"मग शेंगा कशाला खातील?" रिबेका म्हणाली आणि भांडी घासू लागली.

शांतवनला हसू आलं नाही.

अनूला या कशाचीच फिकीर नव्हती. घरात सगळ्यात लहान तीच, तेव्हा कडवं तिनंच म्हणायचं होतं. रिबेकानं महिनाभर आधीपासून दर रविवारी तिला एकेक ओळ शिकवली होती. रविवारी जेवणं झाली की मायलेकी उन्हात बसायच्या. जुन्या कॅलेंडरच्या पानांच्या चांदण्या कापायच्या आणि कापता कापता म्हणायच्या.

*थंडी पडली रानात, बाळ गव्हाणीत,*
*ऊब देती गाई-वासरं, आई जागत.*

चार रविवारी चार ओळी झाल्या. अनू मग पाणी पिताना म्हणायची, वेणी घालताना म्हणायची, अगदी रागावून कोपऱ्यात बसली तरी पुटपुटायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मंडळी आली की मी म्हणणार आहे. आत्ता नाही सांगणार."

नाताळचा आदला दिवस उजाडला. चुलीवर शेंगा उकडत होत्या. शांतवन गावात एक चक्कर मारून आला आणि त्याचं तोंड उतरलं. वरच्या आळीत विजेच्या माळा लागल्या होत्या. मंडळींत गाणाऱ्या सलोमीकाकूंनी तर यंदा प्रत्येकाला वेगळं खोकं आणलं होतं म्हणे, केकचं.

दुपार कलली. लांबून ढोलकी ऐकू आली. तसा शांतवन उठला. कोनाड्यातलं कुलूप घेतलं, पुढच्या दाराला बाहेरून लावलं आणि घराला वळसा घालून मागच्या दारानं आत आला. खिडक्या ओढून घेतल्या.

"हे काय चाललंय?" रिबेकानं विचारलं.

"आपण गावाला गेलोय," तो हलक्या आवाजात म्हणाला. "या वर्षापुरतं. पुढच्या वर्षी बघ मी कसा थाट करतो ते."

"आणि पोरगी?"

"पुढच्या वर्षी म्हणेल की. कडवं कुठे पळून जातंय?" मग तो अनूसमोर उकिडवा बसला. "अनू, मंडळी येतील नि जातील. आपण गंमत करायची. अगदी गप्प बसायचं. शब्दसुद्धा काढायचा नाही."

अनूनं आईकडे पाहिलं. आईनं मान फिरवली. नवऱ्याला लेकीसमोर पाडून बोलायचं नाही, असं तिनं ठरवलेलं होतं. पण शेंगांचं पातेलं तिनं चुलीवरून इतकं जोरात उतरवलं, की बोलल्यासारखंच झालं.

मंडळी आली. पंधरा-सोळा माणसं, पुढे म्हातारे दावीदबाबा ढोलकी घेऊन.

"अरे, कुलूप!" कोणीतरी म्हणालं.

"सासुरवाडीला गेले असतील."

"मग वास कसला येतोय शेंगांचा?" हा आवाज सलोमीकाकूंचा. काकूंच्या नाकातून काही सुटत नसे.

"येऊ दे कसलाही," दावीदबाबा म्हणाले. "घर चुकवायचं नाही. माणसं नसली तरी दार आहे ना? दाराला गाऊ. चला."

आणि सगळ्यांनी त्या कुलपासमोर उभं राहून गायला सुरुवात केली. घसे बसले होते, तरी मनापासून.

आत अंधुक उजेड होता. शांतवन भिंतीला टेकून मोजून श्वास घेत होता. एवढं गाणं संपलं की सुटलो. त्याची नजर अनूवर गेली. तिनं दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड घट्ट दाबून धरलं होतं. पप्पांनी सांगितलं होतं ना. पण हातांच्या आड ओठ हलत होते. बाहेरच्या गाण्याबरोबर ती आपलं कडवं म्हणत होती, ओळीमागून ओळ, जराही आवाज न करता. डोळे मात्र काठोकाठ भरले होते.

गाणं संपलं. पावलं वळली.

शांतवनला वाटलं, लाज आपली, आणि तोंड दाबलंय पोरीनं. तो ताडकन उठला. मागच्या दारानं बाहेर पडला, वळसा घालून धावत पुढे आला आणि ओरडला, "बाबा, थांबा!"

सगळी मंडळी मागे वळली.

"अरे, कुठून उगवलास?" दावीदबाबांनी विचारलं.

एखादी थाप मारता आली असती. ती जिभेवर आलीही होती.

"घरातूनच," तो म्हणाला. "आतच होतो, बाबा. तुमच्यासमोर ठेवायला केक नव्हता, म्हणून बाहेरून कुलूप लावून बसलो होतो."

मग सलोमीकाकू म्हणाल्या, "बघा! मी म्हणाले होते ना शेंगा!"

आणि सगळे खो खो हसले. शांतवनचे कान लाल झाले. पण त्यानं कुलूप काढलं.

दावीदबाबा उंबऱ्याजवळ बसले. "पोरा, मघापासून अकरा घरचा केक खाल्लाय. घसा नुसता चिकटलाय. गरम काही असेल तर आधी ते दे. पण त्याच्याही आधी, इथलं लहान माणूस कोण?"

अनू पुढे आली. तोंडावरचे हात तिनं अजून काढले नव्हते. तिनं बापाकडे पाहिलं.

"म्हण, बाळा," शांतवन म्हणाला. "जोरात म्हण."

अनूनं म्हटलं. चारही ओळी, डोळे मिटून, वरच्या आळीपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. म्हणून झाल्यावर कोणी न सांगता पुन्हा एकदा म्हटल्या.

मग रिबेकानं चहा आणला. घरात कप होते पाच आणि माणसं सोळा. तेव्हा पाच जणांनी प्यायचं, बाकीच्यांनी शेंगा सोलत पाळी येईपर्यंत बसायचं, असं झालं. इतर घरी मंडळींनी केक घ्यायचा नि उभ्या उभ्या पुढे जायचं. इथे ती टेकली. टेकली तशी बोलायला लागली. कोणी जुनं गाणं काढलं, कोणी मेलेल्या माणसांच्या आठवणी काढल्या. सलोमीकाकूंनी तीनदा चहा मागितला, आणि त्यांची खोकी घरात तशीच किती उरलीत हेही बोलता बोलता सांगून टाकलं. निघताना दावीदबाबांनी सगळ्यांदेखत जाहीर केलं, "पुढल्या वर्षापासून हे घर शेवटी. इथून उठायची घाई नको."

पुढच्या वर्षी शांतवनला काम बरं मिळालं. नाताळाच्या आधी तो बाजारातून डझनभर नवे कप घेऊन आला. रिबेकानं ते पाहिले, छान आहेत म्हणाली, आणि पेटीत ठेवून दिले.

"अगं, मंडळींसाठी आणलेत!"

"मंडळींसाठीच ठेवतेय," रिबेका म्हणाली. "सगळ्यांना एकदम चहा मिळाला तर बसेल कोण?"

शांतवननं थोडा विचार केला. मग तो मोरीमागे गवती चहा कापायला गेला.

तात्पर्य: दुसऱ्याच्या थाटाला लाजून आपण दार लावलं, तर आपलंच लेकरू मुकं राहतं. सण पैशानं मोठा होत नाही. घरात जे आहे ते मोकळ्या मनानं पुढे करावं आणि आल्या माणसाला बसवून घ्यावं. हीच रीत पुढे टिकते.