थोरल्या घराची अडलेली धार

एका राज्यात तीन तळी होती आणि तळ्यांच्या काठी एक दगडी घर होतं. राजवाडा उभा राहण्याआधी पहिला राजा तिथंच राहत असे, म्हणून सगळे त्याला थोरलं घर म्हणत. पहिलं तळं आरसपाणी, दुसरं कमळपाणी, तिसरं सावळपाणी. घराच्या दारातून एक पायवाट निघे, तिन्ही तळ्यांना वळसा घाली आणि फिरून त्याच दारात येई. ही तळी एका मांत्रिकानं एका दिवसात खणून दिली होती. मोबदला म्हणून त्यानं पहिल्या राजाकडून वचन घेतलं, की जो कोणी गादीवर बसेल त्यानं आधी हा फेरा घालावा, आणि फेरा घालून येणाऱ्याचे पाय राणीनं उंबऱ्यात धुवावेत. वचन अगदी सोपं होतं, आणि सोपी वचनंच माणसं आधी विसरतात.

गादीवर बसायची पाळी मणिध्वज राजाची आली. मणिध्वज मनानं लोण्यासारखा मऊ, आणि तळपायांनीही तसाच. जन्मापासून त्याचा पाय गालिच्याखाली उतरला नव्हता. त्याचा प्रधान बृहद्भानू मोठा मानी. राजाच्या पायाला धूळ लागली तर शेजारची राज्यं हसतील, असं त्यानं सांगितलं आणि पालखी सजवली. चार भोयांनी ती उचलली. पुढच्या दांड्याला सटवा भोई होता. साठी उलटलेला, पण खांद्यानं खंबीर.

वाजतगाजत फेरा झाला. थोरल्या घराच्या दारात पालखी टेकली. भोयांना प्रधानानं मागच्या अंगणात पिटाळलं. राजा चंदनाच्या पाटावर उभा राहिला आणि राणी सुलक्षणेनं हसतमुखानं तांब्या कलता केला. पाणी तांब्यातून निघालं आणि राजाच्या पावलांच्या वर वीतभर थांबलं. मनगटाएवढी जाड धार, तिथंच अधांतरी. राणी हसत होती तशीच काळ्या दगडाची झाली. त्याच क्षणी तिन्ही तळी गप्प झाली. लाट काठापर्यंत येऊन थबकली, आणि ओरडायला तोंड उघडलेले बेडूक तोंड उघडं ठेवूनच बसले.

घराच्या वळचणीला शंभर वर्षांची साळुंकी राहत असे. ती खाली उतरली आणि राजाला म्हणाली, "राजा, फेरा ज्यानं घातला त्याचे पाय धुवायचे असतात. ही धार आजचा धरून तीन दिवस टिकेल. तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाला की शेवटचा थेंब सुकेल, आणि मग राणी कायमची दगडाची."

राजाचा राणीवर फार जीव होता. तो तिथंच बसून रडला, आणि रडून झाल्यावर म्हणाला, "उद्या मी पायी जाईन."

प्रधानाला हे मान्य करावं लागलं. पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. त्यानं राज्यातल्या यच्चयावत सतरंज्या, शालू आणि शेले गोळा केले आणि पहाटेपर्यंत सगळ्या वाटेवर पायघड्या अंथरल्या. दुसऱ्या दिवशी राजा छत्राखालून त्या पायघड्यांवर चालला. दारी येऊन त्यानं धारेखाली पाऊल धरलं. पाऊल गुलाबाच्या पाकळीसारखं स्वच्छ होतं, आणि धार जागची हलली नाही. उलट उन्हानं आटून बोटाएवढी झाली होती. पायघड्यांचा रंग चुकला असेल, असं प्रधान म्हणाला. तेव्हा राजानं त्याला सगळ्या पायघड्या स्वतःच्या हातांनी गोळा करून घड्या घालायला लावल्या. त्या कामात प्रधान पुढचे दोन दिवस कुणाच्या वाटेत आला नाही.

तिसऱ्या दिवशी राजा अनवाणी निघाला. पायघड्या भोयांनी दाखवलेल्या वाटेवर अंथरल्या होत्या; त्या उचलल्यावर वाट कुठून कुठं जाते हे दरबारात कुणाला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते सटवा भोयाला. राजाचे वडील, थोरले महाराज, गादीवर बसले तेव्हा पायी गेले होते, आणि हा रिकाम्या पालखीचा दांडा खांद्यावर घेऊन त्यांच्या मागं चालला होता. म्हणून राजानं त्याला सोबत घेतलं.

आरसपाण्याच्या काठी राजाच्या पायात बाभळीचा काटा मोडला. सटव्यानं दुसरा काटा घेऊन तो काढला आणि वर रुईचा चीक लावला. राजा कळवळला, पण खाली बसला म्हणून त्याला लव्हाळ्यात पाणकोंबडीची सात पिल्लं दिसली. परवा याच वाटेनं जाताना त्याला पालखीचा पडदा दिसला होता, आणि काल प्रधानाची पाठ. त्याला आपल्या राज्याचं भलतंच कौतुक वाटू लागलं. हे कोणतं झाड, तो कोणता पक्षी, असं तो विचारत सुटला, आणि सटवा सांगत राहिला.

कमळपाण्यावर एक रुपेरी नाव आपोआप काठाला लागली आणि बोलली, "राजा, बस. घटकाभरात थोरल्या घरी सोडते."

राजानं एकवार सूर्याकडे पाहिलं, एकवार सटव्याकडे पाहिलं.

सटवा म्हणाला, "महाराज, माणसं बसवून न्यायची यावरच माझं पोट चालतं. तरी सांगतो, बसू नका."

राजा बसला नाही. नाव गुपचूप बुडाली आणि दोघं पुढं गेले.

सावळपाण्याचा काठ म्हणजे नुसता चिखल. तिथं खेकड्याच्या बिळात सटव्याचा पाय गेला आणि घोटा मुरगळला. त्याला उभंही राहवेना. सूर्य डोंगरावर दोन हात उरला होता. सटव्यानं राजाला सांगितलं, की इथून वाट सरळ दारापर्यंत जाते, आता आपल्यासाठी थांबू नका. राजाला राणी आठवली, तिचं दगडातलं हसू आठवलं. पण म्हाताऱ्याला चिखलात टाकून जायला त्याचं मन घेईना. तो खाली वाकला आणि त्यानं सटव्याला खांद्यावर घेतलं.

सटवा संकोचानं अर्धा झाला. जन्मभर तो दांड्याखाली होता, वर कधी बसला नव्हता. शंभर पावलं गेली. मग मात्र त्याच्यातल्या भोयाला राहवेना. पाऊल आखूड टाका, गुडघा सैल सोडा, श्वास पावलाबरोबर घ्या, असं तो वरून शिकवू लागला. "हुं हुं" करत राजा चालू लागला आणि खरोखरच ओझं हलकं वाटू लागलं. तरी खांदा पेटल्यासारखा झाला होता.

"सटवा," राजानं धापा टाकत विचारलं, "परवा तुझाही खांदा असाच दुखला?"

"परवा मुकुटाचंही वजन होतं, महाराज."

राजा हसला, सटवाही हसला, आणि हसता हसता राजानं खांद्यावरून लोंबणाऱ्या त्याच्या भेगाळलेल्या पावलांकडे पाहिलं.

दोघं दारात पोचले तेव्हा सूर्याची नुसती कोर उरली होती. धार आटून गेली होती. तांब्याच्या काठाशी एक थेंब तेवढा लोंबत होता. राजाचे पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलानं माखले होते, एका टाचेतून रक्त येत होतं. त्यानं पाऊल पुढं केलं आणि तिथंच मागं घेतलं.

"परवाचा फेरा मी घातला नव्हता," तो म्हणाला. "तो यांनी घातला, आणि यांना आम्ही मागच्या अंगणात पिटाळलं. पाय धुवायचे राहिले ते यांचे. सटवाबाबा, पाय इथं ठेवा."

साळुंकीनं वळचणीतून मान बाहेर काढली. राजानं म्हाताऱ्याला पाटावर बसवलं आणि त्याचं भेगाळलेलं पाऊल स्वतःच्या हातांनी तांब्याखाली धरलं.

थेंब पडला. त्याच्यामागून मनगटाएवढी धार खळाळत आली. राणीच्या बोटांना रंग चढला, मग हातांना, मग हसऱ्या गालांना. मधले तीन दिवस तिच्या गावीही नव्हते. तिला समोर मळलेला पाय दिसला आणि तिनं तो धुतला.

"बाबा, आता दुसरा पाय पुढं करा," राणी म्हणाली. मग तिची नजर राजाकडे गेली. "आणि एवढा चिखल कुठून आणलात तुम्ही? थांबा, यांचं झालं की तुमचे धुते."

राजा थांबला. इतक्या आनंदानं तो आयुष्यात कधी कुणासाठी थांबला नव्हता. तिकडे लाटा काठाला लागल्या, आणि तीन दिवस तोंड उघडून बसलेल्या बेडकांनी आपलं अर्धं राहिलेलं ओरडणं असं काही पुरं केलं, की साळुंकीनं कानांवर पंख घेतले. बाकीच्या तीन भोयांना मानानं बोलावणं गेलं. राणीनं त्यांचे पाय धुतले आणि सर्वांत शेवटी राजाचे. त्या तांब्यातलं पाणी काही संपलं नाही.

तेव्हापासून मणिध्वज राजा दर वर्षी तिन्ही तळ्यांना पायी फेरा घालू लागला, आणि त्याच्यामागून सगळी प्रजा. प्रधानही जातो, आपले जोडे काखेत मारून. वाट मोकळी झाली, तळी बोलू लागली, राणी राजाला मिळाली. जशी त्यांच्या पायांना वाटेची माती लागली, तशी तुमच्याआमच्या पायांना लागो, आणि ती धुवायला दारात कुणी हसत उभं असो.