दाभणधोंडा

"टाका सुटलेला ठाऊक होता, मग कोणी घातला का नाय?"

खाडीकाठच्या या काळ्या धोंड्यापाशी उभं राहून झिलूने सगळ्या वाडीला हे विचारलं होतं, असं सांगतात. धोंड्याला काथ्याने बांधलेलं दाभण दिसतं, ते तेव्हापासूनचं.

त्या काळी होडीला खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवत. आणि पितृपक्षात होडीला दाभण लावायचं नाही, लावलं तर पितर कोपतात, अशी वाडीची समजूत. झिलूचा थोरला भाऊ भागो तर, म्हणजे माणसं खाडीपार नेणारी होडी, चालवायचा. पितृपक्ष लागला त्याच दिवशी त्याच्या होडीच्या तळाशी एक टाका सैल झाला. त्याने तो वाडीच्या म्होरक्याला, रायबा तांडेलाला दाखवला. तांडेल म्हणाला, एवढासा टाका, घटस्थापनेला नारळ ठेवून घालू. झिलूने तिथेच दाभण उचललं होतं म्हणे. भागोने त्याचा हात धरला. मोठ्यांपुढे हात चालवू नये, म्हणाला. झिलूने हात मागे घेतला.

बाराव्या दिवशी भागो आठ माणसं घेऊन बाजाराला निघाला. ओहोटीच्या ओढीत तो टाका निघाला, त्याच्यामागे सगळी शिवण उसवत गेली. झिलू काठावरून बघत होता. नऊ माणसांतलं एकही जिवंत आलं नाही.

तांडेल समजूत घालायला आला. त्यांचं आयुष्य तेवढंच होतं, म्हणाला.

"पितरांका जपलात," झिलू म्हणाला. "आता नऊ नवे पितर झाले. त्यांका काय वाढतलात?"

सर्वपित्री अमावास्येला, घराघरांतून कावळ्यांना पानं ठेवली जात असताना, त्याने काठावरची एकेक होडी उलटी केली आणि सैल दिसेल तो टाका घातला. काथ्याने बोटं चिरली. आडवं यायची कोणाची छाती झाली नाही. सगळ्यांत शेवटी तांडेलाची होडी आली. तिचे तीन टाके सुटले होते. तेही त्याने घातले. शिव्या देत, पण घट्ट. मग तो वाडी सोडून गेला, तो परतलाच नाही.

आजही पितृपक्षात इथे आधी होड्या तपासतात, मगच पितरांची पानं मांडतात. सैल दिसेल ते ज्याला दिसेल त्याने ओढायचं, विचारायला थांबायचं नाही. धोंड्यावरचा काथ्या कुजला की नवा बांधतात. गाठी मात्र नऊच, झिलूने जाताना आपल्या हाताने मारल्या तेवढ्या.